एसडीएस०११: कॅम्पसवरचा धूर दाखवतो, धूळ नाही

नोव्हा फिटनेस या चिनी कंपनीचा एसडीएस०११ हा सूक्ष्म धूलिकण मोजणारा सेन्सर ऑनलाइन साधारण दोन-अडीच हजार रुपयांना मिळतो. कॉलेज-विद्यापीठांतल्या हवेच्या प्रकल्पांत तो हमखास दिसतो, मग प्रकल्प एमएस्सी पर्यावरणशास्त्राचा असो की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा. या पैशांत एवढं काम करणारी वस्तू दुसरी नाही, म्हणून तो जरूर घ्यावा. फक्त त्याच्याकडून पीएम २.५ चाच, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचाच आकडा घ्यावा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तोही कोरड्या हवेत आणि हवा मोजणाऱ्या सरकारी केंद्राशी ताडून पाहिल्यावर. पीएम १० चा, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा जो दुसरा आकडा तो सोबत देतो, तो अहवालात छापू नये. सगळ्या परीक्षणाचा गाभा एवढाच आहे. पण हा सेन्सर घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना नेमकी बांधकामाची आणि रस्त्याची धूळच मोजायची असते, त्यामुळे त्यामागची कारणं नीट सांगायला हवीत.

आतली रचना साधी आहे. ७१ बाय ७० बाय २३ मिलिमीटरच्या डबीत एक छोटा पंखा हवा ओढतो, लाल लेझरचा झोत त्या हवेतून जातो, आणि कणांवरून विखुरलेला प्रकाश बाजूचा फोटोडायोड टिपतो. प्रकाशाचे जेवढे ठोके तेवढे कण, आणि ठोक्याच्या उंचीवरून कणाचा आकार असा अंदाज बांधून आतला प्रोसेसर दर सेकंदाला पीएम २.५ आणि पीएम १० असे दोन आकडे ९६०० बॉडच्या वेगाने तारेवर बाहेर टाकतो. कंपनीच्या माहितीपत्रकात मोजमापाची मर्यादा ० ते ९९९.९ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, सर्वांत लहान कण ०.३ मायक्रॉन, आणि चूक जास्तीत जास्त १५ टक्के व १० मायक्रोग्रॅम अशी दिलेली आहे. ही चूक २५ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेला मोजलेली आहे, हे वाक्य वाचताना बहुतेक जण ओलांडून पुढे जातात.

मुद्दा असा की हे यंत्र कणांचं वजन करत नाही. प्रदूषण मंडळाच्या केंद्रात बहुधा बीटा किरणांवर चालणारं यंत्र असतं. ते मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढून कण फिल्टरच्या पट्टीवर जमवतं आणि तासाभरात पट्टीवर किती वस्तुमान चढलं ते किरण किती अडले यावरून काढतं. एसडीएस०११ मात्र प्रकाश पाहतो आणि वजन कल्पितो. एक मायक्रॉनच्या आतबाहेरचे कण प्रकाश छान विखुरतात, म्हणून धूर त्याला उत्तम दिसतो. पाच-आठ मायक्रॉनचे कण मात्र संख्येने फार थोडे असतात, शिवाय जड असल्यामुळे पंख्याच्या मंद ओढीने ते वळणावर भिंतीला चिकटतात किंवा आत शिरतच नाहीत. मग पीएम १० चा आकडा येतो कुठून? बारीक कणांच्या संख्येवरून, ठरलेल्या गुणोत्तराने. याची परीक्षा सोपी आहे. आठवडाभराचे पीएम १० चे आकडे पीएम २.५ ने भागून पाहा. भागाकार जवळपास एकाच पट्ट्यात फिरताना दिसेल, मग शेजारी खडी उतरत असो की रात्री दोन वाजताची शांतता असो. खरी हवा अशी वागत नाही. झाडलोट सुरू झाली की केंद्रावरचा पीएम १० झपकन चढतो आणि पीएम २.५ जागच्या जागी राहतो. तो फरक या सेन्सरमध्ये उमटत नाही.

याचा अर्थ प्रत्यक्ष जागेवर काय होतो ते पुण्याच्या विद्यापीठावर पाहता येईल. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा गणेशखिंडीतला परिसर ४११ एकरांचा. आत वड-पिंपळांची दाट सावली, आणि दाराशी विद्यापीठ चौक, जिथे २०२० मध्ये जुने उड्डाणपूल पाडल्यापासून मेट्रोचं आणि दुमजली पुलाचं काम वर्षानुवर्षं चाललं. अशा जागी कुणीही पहिला सेन्सर मुख्य दाराजवळच लावणार. आणि तिथेच तो सर्वांत जास्त फसवतो. बांधकामाची, रस्त्यावरून टायरांनी उडणारी धूळ त्याच्यासाठी फार मोठी. बस-ट्रकच्या धुरांड्यातून नुकताच निघालेला काजळीचा कण बऱ्याचदा ०.१ ते ०.२ मायक्रॉनचा, म्हणजे ०.३ च्या उंबरठ्याखालचा, त्याच्यासाठी फार लहान. दोन्ही टोकं हातची गेली की दाराजवळचा आकडा आतल्या वसतिगृहामागच्या आकड्यापेक्षा फारसा वेगळा दिसत नाही. असा नकाशा करून ‘चौकातली हवा आतल्यासारखीच आहे’ असा निष्कर्ष काढला, तर चौकात सिग्नलला उभं राहणाऱ्या वाहतूक पोलिसावर आणि दाराशी दिवसभर बसणाऱ्या सुरक्षारक्षकावर तो अन्याय आहे.

मग हा सेन्सर कशात चांगला? धुरात. फेब्रुवारी ते एप्रिल पानगळीचे दिवस असतात. कोणत्याही मोठ्या कॅम्पसवर सफाईनंतर पाल्याचा ढीग कुठेतरी पेटवला जातो, बहुधा पहाटे किंवा संध्याकाळी, कुणाचं लक्ष नसताना. दीडशे-दोनशे मीटरवर वाऱ्याच्या दिशेला एसडीएस०११ असेल तर दोन-तीन मिनिटांत रेषा उभी चढते आणि ढीग विझेपर्यंत खाली येत नाही. खानावळीची लाकडाची भट्टी, थंडीत पहारेकऱ्यांच्या शेकोट्या, दिवाळीचे फटाके, हिवाळ्यात सकाळी जमिनीलगत अडकणारा धुरकट थर, हे सगळं तो इमाने दाखवतो. इमारतींच्या कामापेक्षा पालापाचोळा जाळण्यावर बंदी घालणं प्रशासनाच्या हातातही जास्त असतं. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियम २०१६ ने मनाई केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साध्या प्रकाराला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली. पाला जाळण्याची वेळ आणि दिशा दाखवणारा पंधरा दिवसांचा आलेख घेऊन इस्टेट विभागाकडे गेलं तर बोलणं पुढे सरकतं. आमच्या मते दोन-अडीच हजारांची वसुली या एका कामात होते.

आर्द्रता हा या सेन्सरचा दुसरा मोठा शत्रू. माहितीपत्रकात कामाची मर्यादा ७० टक्के लिहिलेली आहे. हवेतल्या सूक्ष्म कणांत अमोनियम सल्फेट-नायट्रेटसारखे क्षार असतात, आणि पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओलं होतं तसे तेही पाणी धरून फुगतात. अमोनियम सल्फेट साधारण ८० टक्के आर्द्रतेला पूर्ण विरघळून थेंब होतो. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो आणि सेन्सरला तो जास्त ‘जड’ वाटतो. केंद्रातल्या यंत्राच्या नळीत हवा आधी तापवून कोरडी करण्याची सोय असते, इथे ती नाही. म्हणून पहाटेच्या धुक्यात एसडीएस०११ दुप्पट-तिप्पट आकडा दाखवतो आणि ऊन चढल्यावर आपोआप उतरतो. ‘सकाळी आठला हवा एकदम सुधारली’ असं वाटणाऱ्या आलेखाखाली आर्द्रतेचा आलेख ठेवा, उत्तर तिथेच मिळेल. आमचा नियम सरळ आहे. ७५ टक्क्यांवरचा तास बाजूला काढायचा. पुण्यात जुलै ते सप्टेंबर या नियमाने बहुतेक रात्री गळून जातात, आणि गेल्याच पाहिजेत. त्यासाठी सेन्सरसोबत बीएमई२८० हा तापमान-आर्द्रतेचा चिमुकला सेन्सर लावणं सक्तीचं समजा. स्वस्तातला डीएचटी२२ काही महिन्यांत ९९ टक्क्यांवर अडकून बसण्याची तक्रार नेहमीची आहे.

जोडणीसाठी सेन्सर डॉट कम्युनिटी या जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरातून सुरू झालेल्या नागरिक-जाळ्याचं मोफत फर्मवेअर, म्हणजे बोर्डावर चालणारं सॉफ्टवेअर, सर्वांत सोयीचं. नोडएमसीयू हा वाय-फायवाला छोटा नियंत्रक बोर्ड घ्यायचा. सेन्सरची टीएक्स तार बोर्डाच्या डी१ पिनला, आरएक्स डी२ ला, ग्राउंडची तार ग्राउंडला. बीएमई२८० ची एसडीए डी३ ला, एससीएल डी४ ला आणि वीज ३.३ व्होल्टवरून. सेन्सरला मात्र ५ व्होल्ट लागतात, आणि इथेच गडबड होते. आवृत्ती ३ च्या बोर्डावर ‘व्हीयू’ पिनवर यूएसबीचे थेट ५ व्होल्ट असतात. आवृत्ती २ च्या बोर्डावर ती पिन नसते, मग लोक ‘व्हीइन’वरून घेतात आणि मधला डायोड थोडा व्होल्टेज खातो. त्यात पाच मीटरची बारीक तारेची स्वस्त यूएसबी केबल लावली की आणखी पाव ते अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. सेन्सरची खालची मर्यादा ४.७ व्होल्ट आहे. त्याखाली पंखा मंदावतो, हवा कमी ओढली जाते, आणि आकडा चुकीचा असूनही सेन्सर मुकाट्याने आकडे देत राहतो, कुठलाही एरर दाखवत नाही. म्हणून पंखा चालू असताना मल्टिमीटर थेट सेन्सरच्या पिनांवर लावून मोजा. ४.८ च्या खाली दिसलं तर केबल बदला, किंवा वीज जवळ आणून अ‍ॅडॉप्टरच तिथल्या खोलीत बसवा.

बाहेरच्या आवरणाला प्लंबिंगच्या दुकानातले एसडब्ल्यूआर (सांडपाण्याच्या) पाइपचे दोन बेंड पुरतात. मूळ आराखड्यात ७५ मिलिमीटरचे बेंड आहेत. आपल्याकडच्या ७५ च्या बेंडमध्ये ही डबी सॉकेटच्या रुंद तोंडातच कशीबशी बसते, त्यामुळे ११० मिलिमीटर घेतलेलं बरं. दोन्ही तोंडं खाली येतील असा उलटा यू करायचा, म्हणजे पाऊस आत येत नाही. हवा ओढणाऱ्या तोंडाला ६ मिलिमीटर आतल्या व्यासाची मऊ नळी लावून ती बेंडच्या कडेशी खाली तोंड करून आणायची. माहितीपत्रक नळी एक मीटरच्या आत ठेवायला सांगतं, पण वीस सेंटिमीटर पुरे. लांब नळीच्या भिंतींवर कण चिकटून राहतात. पंख्याने बाहेर टाकलेली हवा पुन्हा आत ओढली जाऊ नये म्हणून नळीचं टोक आणि दुसरं तोंड यांत अंतर असू द्या. दोन्ही तोंडांना मच्छरदाणीची जाळी हवीच. जाळी नसेल तर कोळी आधी येतो, मग पाल. आतल्या लेझरच्या वाटेवर कोळ्याचा एक धागा आला की आकडा अचानक शंभर-दोनशेने वर जाऊन तिथेच स्थिर होतो. आलेखात सपाट पठार दिसलं की समजावं, ते प्रदूषण नाही, आत घरटं आहे.

कॅम्पसवरचा सर्वांत वेळखाऊ भाग हार्डवेअरचा नसतोच, वाय-फायचा असतो. नोडएमसीयू फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतो. ब्राउझर उघडून लॉगिन करावं लागणारं नेटवर्क त्याला पार करता येत नाही, आणि वापरकर्तानाव-पासवर्डवालं, विद्यापीठांतलं एड्युरोमसारखं नेटवर्क या फर्मवेअरमध्ये चालेल हे गृहीत धरू नये. पाइप भिंतीवर ठोकण्याआधी संगणक केंद्राकडे प्रत्येक बोर्डाचा मॅक पत्ता (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) लेखी देऊन अपवाद मागून घ्यावा. परवानगीला महिना लागतो असं धरून चालावं. तोवर प्रीपेड सिमचा छोटा राउटर लावून काम सुरू करता येतं. एका सेन्सरचा डेटा नगण्य असतो.

जागेबाबत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष हवा ओढण्याची उंची जमिनीपासून ३ ते १० मीटर असा आहे. पहिल्या मजल्याची गॅलरी यात छान बसते. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर, खानावळीच्या एक्झॉस्टजवळ, दाट झाडाच्या पोटात किंवा इमारतीच्या आतल्या बंद चौकात लावू नये. दक्षिण-पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन पाइपवर पडलं तर आतलं तापमान हवेपेक्षा बरंच चढतं, आणि बीएमई२८० खरी आर्द्रता सोडून पाइपातली कोरडी आर्द्रता सांगतो. मग ७५ टक्क्यांचा नियमही चुकतो. उत्तरेची भिंत शोधा.

आता ताडणी. हा टप्पा गाळणाऱ्यांनी सेन्सर घेऊच नये. पुणे विद्यापीठाच्या आवारात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं स्वतःचं केंद्र आहे आणि त्याचे आकडे केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर मिळतात. ही सोय फार थोड्या कॅम्पसना आहे. परवानगी काढून सगळे सेन्सर आधी त्या केंद्राशेजारी एकत्र टांगावेत. किमान दोन आठवडे कोरड्या दिवसांत, आणि शक्य तर दोन आठवडे ऑक्टोबरच्या सुमारास. तासाच्या सरासऱ्या घेऊन सेन्सरचा आकडा, आर्द्रता आणि एक स्थिरांक यांतून केंद्राचा आकडा काढणारं साधं समीकरण बसवा, प्रत्येक सेन्सरसाठी वेगळं. अमेरिकी पर्यावरण संस्थेचं ०.५२४, ०.०८६२ आणि ५.७५ हे गुणक असलेलं समीकरण प्रबंधांतून सर्रास उचललेलं दिसतं. ते पर्पलएअर यंत्रासाठी, म्हणजे प्लँटॉवर कंपनीच्या सेन्सरसाठी, अमेरिकेतल्या हवेवर बसवलेलं आहे. एसडीएस०११ ला आणि गणेशखिंडीच्या हवेला ते लावण्यात काही अर्थ नाही.

ताडताना दोन चुका वारंवार होतात. सेन्सर डॉट कम्युनिटीच्या जाळ्यावरून उतरवलेल्या फाइलमध्ये ‘पी१’ म्हणजे पीएम १० आणि ‘पी२’ म्हणजे पीएम २.५. नावावरून उलटं वाटतं आणि लोक पी१ धरून बसतात. दुसरी चूक वेळेची. त्या फाइलमधली वेळ ग्रीनिचची असते. आधी तासाची सरासरी काढून मग साडेपाच तास मिळवले, तर आपला प्रत्येक तास साडेनऊ ते साडेदहा असा पडतो आणि केंद्राचा नऊ ते दहा, दहा ते अकरा असा. जुळणी बिघडते आणि दोष सेन्सरला जातो. आधी प्रत्येक नोंदीची वेळ भारतीय करा, मग सरासरी काढा.

निर्देशांकाचं भान राखणंही गरजेचं आहे. आपल्याकडचा हवा गुणवत्ता निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर ठरतो. पीएम २.५ साठी ६० पर्यंत समाधानकारक, ९० पर्यंत मध्यम, १२० पर्यंत वाईट, २५० पर्यंत अतिशय वाईट. एरवी ४० असलेला आकडा पाला जाळल्यामुळे वीस मिनिटं १८० झाला, तर दिवसाची सरासरी फक्त दोनने वाढते. त्या वीस मिनिटांच्या आकड्याला ‘अतिशय वाईट’ची पाटी लावून समूहावर टाकलं की पहिल्याच माहितगार माणसाने ते खोडून काढलं म्हणून समजा, आणि मग पाला जाळण्याचा खरा मुद्दाही त्याबरोबर वाहून जातो. क्षणाचा आकडा क्षणाचा म्हणूनच द्यावा. सोबत २४ तासांची राष्ट्रीय मर्यादा ६० आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची १५, या दोन रेषा दिवसाच्या सरासरीच्या आलेखावर आखाव्यात.

टिकाऊपणाचं गणित असं. लेझरचं आयुष्य ८,००० तास सांगितलेलं आहे, म्हणजे अखंड चालवला तर अकरा महिने. वरच्या फर्मवेअरमध्ये सेन्सर १४५ सेकंदांत एकदाच, सुमारे वीस सेकंद जागा होतो, त्यामुळे कागदावर साडेसहा वर्षं निघतात. प्रत्यक्षात लेझरआधी पंखा दमतो आणि फोटोडायोडवर धूळ बसते. दर तीन महिन्यांनी शून्याची तपासणी करावी. सेन्सर चालू असलेल्या एअर प्युरिफायरच्या झोतात दहा मिनिटं ठेवला की पीएम २.५ शून्य ते दोनच्या आत यायला हवा. पाच-सातच्या वर अडकला तर आत धूळ आहे. वीज काढून, झाकणाचे स्क्रू उघडून, पंखा काडीने अडवून हवेच्या पंपाने हलके फुंकावं. पंखा मोकळा ठेवून जोराचा झोत मारला तर त्याचे बेअरिंग जातात. उघड्या झाकणाने वीज चालू करू नये, लेझर डोळ्यांसाठी धोक्याचा आहे.

पर्याय दोनच विचारात घेण्यासारखे. प्लँटॉवरचा पीएमएस५००३ आकाराने लहान, पण त्याची १.२५ मिलिमीटर अंतराची आठ पिनांची केबल हाताने डाग द्यायला त्रासाची. शिवाय तो दोन तऱ्हेचे आकडे देतो आणि कोणता वापरला हे लिहायचं राहून जातं. सेन्सिरियनचा एसपीएस३० बराच महाग, मात्र त्याचा पंखा आठवड्यातून एकदा दहा सेकंद वेगाने फिरून स्वतःला साफ करतो आणि अखंड चालूनही दहा वर्षांच्या आयुष्याचा कंपनीचा दावा आहे. गच्चीवर चढून साफसफाई करायला माणूस नसेल तर तोच घ्यावा. पीएम १० तोही अंदाजानेच काढतो. खरी धूळ मोजायची असेल तर मंडळाकडून किंवा पर्यावरण विभागाकडून फिल्टरवर वजन करणारं यंत्र काही दिवस मागून आणण्याला पर्याय नाही.

किती घ्यावेत? एका कॅम्पसला चार पुरे. तीन जागेवर आणि चौथा फिरता, जो दर महिन्याला एकेका सेन्सरशेजारी दोन-तीन दिवस टांगायचा. दोघांत १५ टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर जागेवरचा उतरवून तपासायचा. बोर्ड, बीएमई२८०, बेंड, जाळी, केबल, अ‍ॅडॉप्टर धरून एक संच साडेतीन-चार हजारांत होतो. सेन्सर बदलावा लागला तर नवा थेट जुन्याच्या जागी लावू नये. एक आठवडा दोन्ही शेजारी चालवावेत, नव्याचे गुणक काढावेत, आणि सेन्सरच्या पाठीवरचा क्रमांक व बदलाची तारीख डेटाच्या फाइलमध्येच नोंदवून ठेवावी. पुढच्या तुकडीतल्या मुलांना आलेखात मध्येच दिसणारी पायरी हवेची आहे की यंत्राची, हे फक्त त्या नोंदीवरून कळतं.